शंभराला तीन

तीस वर्षांत काटेवाल्याने एकही खोटा काटा बनवला नव्हता. भंगारवाले येत, धान्यवाले येत, सोनार तर अगदी गोड हसत येत, जरासं आमच्या बाजूला झुकू दे म्हणत, आणि हा पठ्ठ्या सगळ्यांना बाहेरचा रस्ता दाखवी. अशा माणसाने शेवटी खोटा काटा केला तो कुणासाठी, तर सख्ख्या थोरल्या बहिणीसाठी. ऐकणाऱ्याला हसू येईल. त्याला स्वतःला मात्र अजून हसू आलेलं नाही.

दुकान बापाचंच. लांबट खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर पक्कड, तारेचं भेंडोळं आणि डबीभर शिशाचे मणी. दुरुस्त झालेल्या काट्याच्या झाकणातून तार ओवायची, तारेला मणी लावायचा आणि पकडीने त्यावर शिक्का दाबायचा. शिक्क्यावर त्याचा आकडा, सत्तेचाळीस. मणी शाबूत तर काटा खरा, इतकं साधं. लहानपणी बापाने दोन्ही मुलांना वजनांवरूनच टोपणनावं दिली होती. थोरली गुटगुटीत म्हणून ती अडीशेरी, आणि हा सातव्या महिन्यात जन्मलेला, काडीसारखा, म्हणून पावशेर. अडीशेरीची पुढे ताई झाली, पण पावशेर पन्नाशीला आला तरी तिच्यापुरता पावशेरच राहिला.

दोन वर्षांपूर्वी या पावशेराच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. आत जाताना वजन, बाहेर येताना वजन. मधल्या दिवसांत पाणी मोजून प्यायचं, आणि जास्त झालं की मशीनवर बसण्याआधीच काटा चुगली करायचा. नर्सबाई विचारायच्या, किती प्यालात? हा म्हणायचा, लिटरभरच. खरं तर घरी फ्रीजमधल्या बर्फाचे खडे तो चोरून चघळायचा, आणि बर्फ म्हणजे काही पाणी नव्हे, अशी स्वतःची समजूत घालायचा. बायकोला हे ठाऊक होतं. तिने एकदा बर्फाचा साचाच शेजारी नेऊन दिला, तर हा गडी शेजाऱ्यांकडे जास्तच आपुलकीने जाऊ लागला.

डॉक्टर म्हणाले, नवी किडनी मिळाली तर यातून सुटका. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. रिपोर्ट आले आणि जुळलं फक्त ताईचं. डॉक्टरांच्या खोलीत सगळ्यांनी एकदम ताईकडे पाहिलं, ताईने मान हलवली, आणि विषय तिथेच संपला.

म्हणजे संपला असं यांना वाटलं. डॉक्टरांनी ताईला काट्यावर उभं केलं तर आकडा आला एकशे चार. एवढ्या वजनाच्या बाईचं हे ऑपरेशन आम्ही करणार नाही, म्हणाले. ब्याऐंशीच्या खाली या, मग बोलू. ताईने तोवर आयुष्यात सगळे उपाय करून पाहिले होते, चालून, पळून, उपाशी राहून. त्यामुळे ठरलं की पोटाला बँड बसवायचा. जठराच्या वरच्या टोकाला एक सिलिकॉनची पट्टी आवळायची, की वर वाटीएवढी जागा उरते आणि दोन-चार घासांतच पोट भरल्यासारखं वाटतं. पट्टीची नळी बरगडीखाली कातडीच्या आत एका बटणाला जोडलेली. त्या बटणात सुईने पाणी भरलं की पट्टी घट्ट, काढलं की सैल. छोटंसं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी.

पहिल्या महिन्यात सहा किलो उतरले. काटेवाल्याने घरात कॅलेंडरवर रेघा मारल्या, या हिशेबाने चौथ्या महिन्यात ऑपरेशन. डॉक्टर आधीच सांगत होते की बँडने वजन रमतगमत उतरतं, आठवड्याला अर्धा किलो, कधी तेवढंही नाही. पण ते ऐकायला याचे कान जागेवर होते कुठे? दुसऱ्या महिन्यात दोन किलो. तिसऱ्यात दोन. चौथ्यात चारशे ग्रॅम. चारशे. त्या दिवशी याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि मग ती भिंतीवरून उतरायलाच तयार होईना.

ताई खातेय. लपून खातेय. दुसरं काय असणार?

मग हा डोळ्यांत तेल घालून तिच्यावर नजर ठेवू लागला. ती जेवायला आली की चमचाभर घास घ्यायची, पंचवीस-तीसदा चावायची, मधेच थांबून छातीवर हात ठेवायची. घाईत घास गेला तर तो अडकायचा, मग बिचारी उठून मोरीपाशी जायची आणि फेसासारखं काही तरी थुंकून यायची. बाकीच्यांना दया यायची. याला वाटायचं, आमच्यासमोर हे, मग एकटी असताना काय? एकदा तिची पिशवी उचलून देताना त्यात आइस्क्रीमचा रिकामा कप दिसला. झालं. पुरावाच हाती लागला. दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंना त्याने आडून आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या की पट्टी जास्त घट्ट झाली की काही दिवस मऊ, थंड तेवढंच खाली उतरतं, तसं होत असेल तर पाणी थोडं काढून घ्यावं लागेल. याने मान डोलावली आणि मनात म्हटलं, यांचं सगळ्यांचं आतून साटंलोटं दिसतंय.

भावोजींवरही त्याचा डोळा होताच. भावोजींचं कुलपांचं दुकान. कुठलंही कुलूप पाच मिनिटांत उघडणारा माणूस, आणि बोलायला अगदी मोजका. ताईच्या या निर्णयावर त्यांनी आजवर एक अक्षर काढलं नव्हतं. जो बोलत नाही त्याच्या पोटात नक्की काहीतरी आहे, असा याचा तर्क. बायकोच्या पोटावर टाके कुठल्या नवऱ्याला आवडतील? तेच तिला म्हणत असतील, खा गं सावकाश, वजनच उतरलं नाही तर प्रश्नच मिटला. नाही म्हणायलाही नको आणि वाईटपणाही नको.

बायकोजवळ हे बोलून दाखवलं तर तिने वाचत असलेलं पुस्तक खाली ठेवलं. ती शाळेच्या ग्रंथालयात होती, दिवसभर मुलांची खोटी कारणं ऐकायची, तरी माणसांवर विश्वास ठेवायची. तिने त्याला एवढंच विचारलं की ताई आपलं पोट बांधून बसलीय ती कुणासाठी, हे तरी आठवतंय ना. तो म्हणाला, आठवतंय म्हणून तर जीव टांगणीला लागलाय. आणि ते खरंच होतं. डायलिसिसच्या खोलीत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त मास्तर बसायचे. एका मंगळवारी ती खुर्ची रिकामी होती, गुरुवारी तिथे दुसरं कुणीतरी बसलं, आणि कुणी काही विचारलं नाही. तेव्हापासून ताईचा प्रत्येक किलो याला आपल्या उरलेल्या दिवसांतून वजा होताना दिसायचा.

पाचव्या महिन्यात एका गुरुवारी दवाखान्यात ताईचं वजन भरलं त्र्याण्णव दोनशे. त्याच संध्याकाळी काटेवाल्याने दुकानातला एक जुना, गोल तबकडीचा, उभं राहायचा काटा काढला, पुसला, रबर बदललं. आणि मग झाकण उघडून आतल्या तरफेचा स्क्रू अगदी पाव वळसा फिरवला. रिकामा असताना सुई बरोबर शून्यावर. पण वर शंभर किलो ठेवले की दाखवणार एकशे तीन. शंभराला तीन. हात थरथरला नाही, हे त्याला नंतर फार लागलं. त्याचा विचार सरळ होता, आकडा मोठा दिसला की ताई घाबरेल, घाबरली की चोरून खाणं बंद करेल. तिच्याच भल्यासाठी, आणि ओघाने आपल्याही. झाकण लावलं, तार ओवली, शिशाचा मणी लावला आणि सत्तेचाळीसचा शिक्का दाबला. खोट्या काट्यावर त्याचा हा पहिला शिक्का.

शनिवारी काटा ताईकडे पोचवला. ताई हरखली. पावशेरने माझ्यासाठी काटा आणला, म्हणून शेजारणीला बोलावून दाखवला. ठरलं असं की दर रविवारी सकाळी ती काहीही खाण्यापूर्वी उभी राहील आणि फोनवर आकडा सांगेल.

पहिल्या रविवारी फोन आला.  ताई म्हणाली, पंचाण्णव आठशे. तीन दिवसांत अडीच किलो वाढलं, पण मी काही खाल्लं नाही रे, शपथेवर सांगते. तिचा आवाज रडका होता. काटेवाला म्हणाला, दवाखान्यातला काटा जुना आहे ताई, हा मी स्वतः लावलाय, याच्यावर विश्वास ठेव आणि जरा तोंडाला आवर घाल. फोन ठेवल्यावर त्याला वाईटही वाटलं आणि बरंही. औषध लागू पडलं म्हणायचं.

दुसऱ्या रविवारी ताईचा आवाज अगदी सपाट होता. ब्याण्णव चारशे.

याच्या हातून फोन पडायचाच बाकी राहिला. आठवड्यात साडेतीन किलो? अशक्य. तिचं खरं वजन ब्याण्णव चारशे असू शकेल, पण त्या काट्यावर नाही. त्या काट्यावर दिसायला हवं पंचाण्णवच्या वर. कसं काय, म्हणून विचारलं तर ताई म्हणाली, काय माहीत, मागच्या वेळी मी नीट उभी राहिले नसेन. आणि इकडचं तिकडचं बोलून तिने फोन ठेवून दिला.

आता झाली का पंचाईत? आकडा खोटा आहे हे याला ठाऊक, पण का ठाऊक आहे ते कुणाला सांगता येईना. चोराला चोरी पकडली जावीशी वाटेना आणि चोरी कशी फसली हे कळल्याशिवाय चैनही पडेना. ताईने आकडा मनानेच ठोकून दिला असावा, असं त्याने ठरवलं. पण पुढच्या महिन्यात दवाखान्यातलं वजन तिच्या रविवारच्या आकड्यांशी तंतोतंत जुळलं. शंभर ग्रॅमचाही फरक नाही. म्हणजे आकडे खरे. मग काटा खोटा कसा काय खरं बोलतोय?

नक्की भावोजी. कुलूप उघडणाऱ्याला शिशाचा मणी तो काय! काढला असेल हळूच, स्क्रू फिरवला असेल, मणी परत चिकटवला असेल. काटेवाला काट्याला तेल घालायच्या निमित्ताने एका दुपारी ताईच्या घरी गेला. भावोजींनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली आणि नेहमीसारखे गप्प बसले. काटा खिडकीपाशी होता. याने आधी मणी पाहिला. शाबूत. तार तीच, गाठ तीच, सत्तेचाळीस स्पष्ट. मग बूट काढून स्वतः उभा राहिला. डायलिसिसवाल्या माणसाला आपलं वजन ग्रॅमवार पाठ असतं. सकाळीच भरलं होतं अठ्ठावन्न चारशे. सुई थांबली साठाच्या जरा पुढे. म्हणजे काटा अजून खोटाच. आणि रबर तर पायांनी घासून चकचकीत झालेलं, म्हणजे ताई त्याच्यावर रोज उभीही राहतेय.

भावोजी त्याच्याकडे बघत होते. एवढंच म्हणाले, तेल पुरलं का?  हो म्हणून तो निघून आला.

त्यानंतरचे आठवडे त्याने काय काय संशय घेतले, ते सांगायला लाज वाटावी. दवाखान्यातल्या वजनाच्या बाईला ताईने फितवलं असेल, म्हणून तो दवाखान्याच्या काट्यावर गुपचूप उभा राहून आला. तो काटा चोख निघाला. आपल्या बायकोने ताईच्या कानावर घातलं असेल म्हणावं, तर बायकोला त्याने सांगितलंच कुठे होतं? शेवटी स्वतःच्या डोक्यावरही संशय घेऊन झाला. इकडे ताईचे रविवार मात्र सुरूच. एक्क्याण्णव. नव्वद दोनशे. मधे तीन आठवडे एकोणनव्वदवर अडकली, मग पुन्हा सुटली. अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी नऊशे. प्रत्येक वेळी आकडा सांगून झाला की ती एक क्षण थांबायची, जणू त्याने काहीतरी म्हणावं. हा म्हणायचा, छान, छान. आणि ती फोन ठेवायची.

ब्याऐंशी चारशेला पोचल्यावर दवाखान्यातून निरोप आला की आता समितीसमोर यावं लागेल. किडनी देणाऱ्याला तिथे एकट्याला बोलावतात, बरोबर नवरा नाही, भाऊ नाही, कुणी नाही. दार बंद करून विचारतात, तुम्ही स्वखुशीने देताय का, घरचं कुणी दबाव आणतंय का. दबाव आहे म्हटलं की तिथेच फाइल बंद, आणि बाहेरच्यांना कळवतात की तपासणीत काहीतरी निघालं. कोण नाही म्हणालं ते कुणालाही कळू देत नाहीत. नंतर घेणाऱ्यालाही वेगळं बोलावतात.

हे ऐकलं आणि काटेवाल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताईला कळलंय. काटा खोटा आहे हे तिला कसं तरी कळलंय, आणि तरी मूग गिळून बसलीय. का बसलीय? समितीसमोर बोलायला. माझा भाऊ मला खोट्या काट्यावर उभं करतो, एवढं एक वाक्य पुरे. आयतं कारण मीच तिच्या हातात दिलं, आणि तेही माझ्या शिक्क्यासकट. त्याची पाचावर धारण बसली. समितीत काय म्हणायचं हे ती ठरवण्याआधी तिला गाठलंच पाहिजे, म्हणून गुरुवारी संध्याकाळी तो ताईच्या कामावर गेला.

ताई पार्सल कचेरीत होती, बावीस वर्षं. उंच लाकडी काउंटर, मागे खोक्यांच्या थप्प्या, डिंकाचा आणि पुठ्ठ्याचा वास. लोकांची पार्सलं वजन करायची, पावती फाडायची. पाच वाजून गेले होते, काउंटरची जाळी खाली ओढलेली, पण बाजूचं दार उघडं होतं. काटेवाला आत शिरला आणि जागच्या जागी थांबला.

कोपऱ्यात मोठ्या खोक्यांसाठीचा जमिनीवरचा काटा होता. त्याच्या शेजारी ताईच्या चपला नीट जोडीने ठेवलेल्या. ताई काट्यावर उभी होती, पाठमोरी, अंग आखडून, श्वास रोखून. खांद्यांवरून ब्लाउज ओघळत होता. मानेची कातडी सैल पडली होती. एवढी बारीक झालेली ताई त्याने आजवर पाहिलीच नव्हती, म्हणजे दर आठवड्याला पाहत होता, पण आकड्यांपलीकडे काही दिसतच नव्हतं. भिंतीवरच्या पट्टीत लाल आकडे स्थिरावले. एक्क्याऐंशी नऊशे.

आणि काट्याच्या झाकणाला तार होती, तारेला शिशाचा मणी. जवळ जायची गरज नव्हती. या कचेरीचा काटा दर वर्षी कोण तपासून शिक्का मारतं, हे या शहाण्याच्या इतक्या दिवसांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

ताईने वळून पाहिलं. दचकली नाही.

"ये," ती म्हणाली. "ब्याऐंशीच्या खाली आले आज."

तो म्हणाला, "ताई, तो घरचा काटा..."

"माहीत आहे."

ती सावकाश काट्यावरून उतरली, चपला घातल्या आणि एका खोक्यावर बसली. मग तिने सांगितलं, न चिडता, पार्सलाचा पत्ता वाचून दाखवावा तसं. पहिल्या रविवारी पंचाण्णव आठशे दिसले तेव्हा ती आधी खूप रडली. मग तीन दिवस तिने नुसतं पाणी घेतलं, आणि दवाखान्यात जाऊन पट्टी अजून आवळून घेतली. इतकी आवळली की थुंकीही उतरेना. तिसऱ्या दिवशी कचेरीत चक्कर येऊन पडली. काउंटरवरच्या बाईने तिला उचलून बसवलं, आणि शुद्धीवर आल्यावर सहज म्हणून ती या काट्यावर उभी राहिली. ब्याण्णव आठशे. आधी तिला वाटलं, हाच काटा बिघडलाय. मग मण्यावरचा आकडा पाहिला. घरच्या मण्यावरचाही आठवला.

"दोन्हीवर तूच," ती म्हणाली. "मी त्याच दुकानात वाढलेय रे. एक काटा चुकून खोटा असता तर शून्यालाही खोटा असता. रिकामा असताना सुई शून्यावर आणि वजन ठेवलं की जास्त, हे आपोआप होत नाही. ते कुणीतरी करावं लागतं."

 तो दुसऱ्या खोक्यावर बसला.

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून. दर रविवारी तुला इथला शनिवारचा खरा आकडा सांगत होते. म्हटलं, याला कळेलच की मला कळलंय. घरच्या काट्यावर रोज उभी राहून बघायचे, एखाद्या दिवशी येऊन नीट केला असशील. तू तेल घालायला आलास ना, त्या दिवशी यांनी मला फोन करून सांगितलं. मी पळत घरी गेले. वाटलं, आज केला असेल. उभी राहिले तर तसाच. सतरा रविवार झाले."

सतरा. त्यानेही मोजले होते, पण कशासाठी. आपण दर वेळी छान, छान म्हणालो, ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्याही खाली जुना किडा अजून वळवळतच होता. शेवटी त्याने विचारलंच. समितीसमोर कधी जायचंय आणि तिथे ती काय सांगणार आहे.

 ताई हसली, पण ते हसू बरं नव्हतं.

"कालच जाऊन आले. तुला सांगितलं नाही, कारण तू आदल्या दिवशी पढवायला आला असतास. विचारलं त्यांनी. घरचं कुणी दबाव आणतंय का? मी म्हटलं, नाही. भाऊ तुमच्याशी कसा वागतो? मी म्हटलं, चांगला. या सगळ्या प्रकरणात मी तेवढंच खोटं बोललेय, पावशेर. खाण्याचं कधीच नाही बोलले."

काटेवाला रडायला लागला. माणूस पन्नाशीचा, खोक्यावर बसून, तोंडावर हात घेऊन. ताईने त्याला रडू दिलं. लहानपणी ती लगेच जवळ घ्यायची, आज घेतलं नाही. बाहेरून कुणीतरी जाळी वाजवून पार्सल घ्याल का विचारलं, तिने बंद झालं म्हणून सांगितलं.

बऱ्याच वेळाने त्याने तोंड पुसलं. बर्फ चोरून खातो, तेही सांगून टाकलं, कारण आता काही लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. ताई म्हणाली, ते आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक आहे.  आणि तिथे बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की गेली दोन वर्षं या विषयावर डॉक्टर बोलले, बायको बोलली, समिती बोलली, ताईचं वजन बोललं, पण आपण स्वतः तिला एक गोष्ट कधी विचारलीच नाही. रिपोर्ट आले आणि आपण नुसतं तिच्याकडे पाहिलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "तू मला किडनी देशील का?"

ताईने मान वर केली. तिचे डोळे भरून आले, आज पहिल्यांदाच.

"हे त्या दिवशी विचारलं असतंस ना, तर तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाले असते." तिने बरगडीखाली, जिथे ते बटण होतं, तिथे हात ठेवला. "काल त्या लोकांसमोर बोलताना जीभ अडखळली नाही. आता तुझ्यासमोर अडखळतेय. मला विचार करू दे."

कधीपर्यंत, हा प्रश्न त्याच्या अगदी ओठांवर आला. शनिवारी त्याची डायलिसिसची पाळी होती, पुढच्या बुधवारी त्याला समितीने बोलावलं होतं, आणि मास्तरांची खुर्ची त्याने पाहिली होती. तरी त्याने विचारलं नाही. तो म्हणाला, बरं.

ताई उठली, दिवे मालवले, दाराला कुलूप लावलं. रस्त्यावर आल्यावर ती आपल्या बसच्या दिशेने चालू लागली, आणि तो तिथेच उभा राहून ती वळते का ते बघत राहिला. ती वळली नाही.